पाण्याची हजेरी

यादीत सत्तावीस नावं होती. ती मी स्वतः लिहिली होती. माझ्या अक्षराचं कौतुक झालं होतं, आणि मंजूर होऊन, खाली गोल शिक्का घेऊन ती परत आली तेव्हा कचेरीत पेढे वाटले गेले होते. अठ्ठाविसावा माणूस राहून गेला आहे हे माझ्या लक्षात आलं, ते तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला तेव्हा.

पोलीस ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं, पण त्याचे कागद गेले नव्हते. आमच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते लाल फडक्यांत बांधून पडले होते, सगळे उर्दूत. नव्या सरकारला ते मराठीत हवे होते. औरंगाबादेत तेव्हा दोन्ही लिप्या वाचणारे पुष्कळ होते, पण मी तरुण होतो आणि बिनतक्रार होतो. शिक्षण उर्दूत, घरात पिढ्यान्‌पिढ्या कुलकर्णीपण, म्हणजे बाराखडी अंगातच. मला हंगामी कारकून म्हणून घेतलं. सहा महिन्यांत कायम करू, असं साहेब म्हणाले होते. त्या सहा महिन्यांना दीड वर्ष झालं होतं.

साहेब म्हणजे इंजिनियर, पुण्याकडून बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. त्यांचा कागदावर विश्वास होता, एवढंच. आणि कागदावर नसलेली गोष्ट त्यांच्या लेखी अजून जन्मायची असे. आल्या आल्या त्यांनी आम्हा सगळ्यांना अंगणात उभं करून भाषण केलं. "आता तुम्ही कुणाचे नोकर नाही. ही कचेरी तुमची आहे. मालकासारखे वागा." दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: 'ही कचेरी आपली आहे. येथे थुंकू नये.' मालकीचा एवढाच तपशील आमच्यापर्यंत पोचला.

त्या भाषणाला जो हजर नव्हता, तोच एक माणूस आधीपासून मालकासारखा वागत होता. त्याला आम्ही मामा म्हणायचो. तो नहर सांभाळत असे.

नहर म्हणजे शहराखालून गेलेला पाण्याचा जुना दगडी मार्ग. हर्सूलच्या बाजूनं पाणी जमिनीखालून येई आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांत फुटे. वाटेत जमिनीत तोंडं होती, दगडी झाकणांची. मामा पहाटे पहिल्या झाकणापाशी पालथा पडे, दगडाला कान लावी आणि पाणी कुठवर आलं आहे, किती आहे, कुठं अडलं आहे, ते ऐके. मग आत उतरून चिंध्या आणि चिकणमातीचे बोळे एका फाट्यातून काढून दुसऱ्यात बसवी. अशा पाळ्या फिरवत तो सकाळभर शहराला पाणी पाजत असे. त्याचा बाप हेच करायचा, आजाही हेच. नकाशा कुणीच काढलेला नव्हता. तो 'नहरीचं पाणी' असं कधी म्हणत नसे. "माझं पाणी आज जरा जड हाय," म्हणायचा, बैल आजारी असल्यासारखं.

आता हजेरीचं. कचेरी दहाला उघडे आणि आम्ही सगळे पुस्तकात सही करत असू. मामा नाही. दहाच्या सुमारास नहरीची पाळी आमच्याच बाजूला येई, आणि तेव्हा तो तिकडं दोन मैलांवर मोठ्या फाट्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा असे. म्हणून त्याची हजेरी वेगळ्या रीतीनं लागे. आमचे जुने मुन्शीजी, पन्नाशी ओलांडलेले, अचकन उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बंद, ते आले की आधी अंगणातल्या हौदाची तोटी उघडत. पाणी आलं की चूळ भरत, डोळ्यांना पाणी लावत आणि मोठ्यानं म्हणत, "नहरवाला हाजिर!" मग आत येऊन बसत. ते पुस्तकात लिहीत नसत. लिहायची गरज बावीस वर्षांत कुणाला वाटली नव्हती. मामाचा पगार जुन्या तोंडी हुकमावर चालत आला होता.

जुन्या नोकरांपैकी नव्या सरकारात कुणाला कायम घ्यायचं, ती यादी मी केली हजेरीबुकावरून. सही दिसली की नाव उतरवलं. रोज सकाळी मुन्शीजींची ती आरोळी माझ्या कानावर पडत होती, पण यादी करताना मी कान वापरले नाहीत. आणि यादीबरोबर आलेल्या हुकमात शेवटची ओळ अशी होती की, यादीबाहेरच्या जुन्या इसमास दोन महिन्यांनंतर कामावर ठेवू नये.

"भाऊसाहेब," मामा म्हणाला, "समद्यांना कागुद आला म्हनं."

"आला, मामा."

"माझा?"

मी यादी उलटीसुलटी केली. तिला मागची बाजू नव्हती. तो माझ्या बोटाकडे पाहत होता, आणि बोट सत्ताविसाव्या ओळीवर येऊन थांबलं होतं.

"ऱ्हायला आसंल लिव्हायचा," त्यानंच मला मदत केली. "लई नावं, चुकून ऱ्हातंय."

मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "तुमची सही नाही ना, मामा, बुकात."

"मंग? मी यायचो नाय व्हय कामावर?"

"तसं नाही. पण कागदाला कळत नाही ते."

त्यानं खाली पाहिलं. पायांवर चिखल वाळला होता आणि आमच्या फरशीवर त्याचे ठसे उमटले होते. मग हळू म्हणाला, "पगाराचं जाऊ द्या. पर उद्या कुनी इचारलं, तू कोन रं इथला, तं काय सांगू? पानी सांगंल व्हय?"

साहेबांकडे जायला मला तीन दिवस लागले. दालन दहा पावलांवर होतं. त्या तीन दिवसांत मी स्वतःला पुष्कळ युक्तिवाद ऐकवले. वाचनाचा हा एक तोटा आहे, भित्रेपणाला शब्द कमी पडत नाहीत. खरं कारण एकच होतं. माझ्या कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर होता, आणि माझ्या चुकीची बातमी त्याच टेबलावर नेऊन ठेवायची होती.

शेवटी गेलो आणि अर्धंच सांगितलं. नहरीवरचा एक जुना माणूस यादीत नाही, कारण त्याची हजेरीबुकात सही नसते, असं म्हणालो. चूक कुणाची हे वाक्यात येणार नाही, अशी वाक्यं रचता येतात. मी ती चांगली रचतो.

"सही का नसते?"

"तेव्हा तो पाण्यात असतो, साहेब."

"मग तो कामावर होता हे कशावरून?"

"पाणी येतं त्यावरून."

साहेब हसले. "पाणी सही करत नाही हो. माणूस करतो." त्यांनी विचार केला, ते विचार करत, हे कबूल केलं पाहिजे. मग कोऱ्या कागदावर लिहिलं: सदर इसमाने एक महिना रोज सकाळी ठीक दहा वाजता कचेरीत येऊन सही करावी. एकही खाडा न झाल्यास पुरवणी यादीत नाव घेण्याची शिफारस करू. खाली आद्याक्षरं, तारीख. "हे हजेरीबुकात चिकटवा. आणि बुक तुम्ही सांभाळा. दहा म्हणजे दहा."

मी तो कागद खळ लावून बुकाच्या पहिल्या पानावर चिकटवला आणि मला मोकळं वाटलं. चूक दुरुस्त झाली, असं मी स्वतःला सांगितलं. ती फक्त माझ्या टेबलावरून उचलून मामाच्या पायांवर ठेवली होती.

मामाला सही येत नव्हती. अंगठा चालेल, मी म्हणालो. तो म्हणाला, "अंगठा नको. अंगठा समद्यांचा सारखाच दिसतो." मग मी त्याला नाव लिहायला शिकवलं. चार अक्षरं, त्यात एक जोडाक्षर. तेव्हा मुन्शीजीही माझ्याकडे दुपारी मराठी शिकत होते. उर्दूची त्यांची लेखणी अशी की कागद फ्रेम करून लावावा, पण आता त्यांना 'अर्ज सादर' लिहायला घाम फुटत असे. दुपारी दोघं माझ्यासमोर पाट्या घेऊन बसत. एकाची लिपी गेली होती, दुसऱ्याची कधी आलीच नव्हती.

"मामा," मुन्शीजी म्हणत, "अब अपन दोनो एकीच जमात में. देखो, नापास कौन होता."

"तुमी व्हाल, मुन्शीजी. तुमचं समदं उलट्या बाजूनं चालतंय."

मुन्शीजी खदखदून हसत, आणि मग पाटीवरचं पुसून टाकत.

दुसऱ्या आठवड्यात मामाला सही येऊ लागली आणि त्याचा महिना सुरू झाला. तो साडेनऊला फाटा सोडून निघे, पाय धुऊन, डोईचा रुमाल नीट बांधून दहाला पाच कमी असताना अंगणात हजर होई. लेखणी तो मूठ करून धरी, पहारीसारखी. एक अक्षर, श्वास, दुसरं अक्षर, श्वास. जोडाक्षर आलं की ओठ आत ओढी. सही झाली की मान तिरपी करून बघे, आणि मग तिथून अक्षरशः पळत सुटे.

कारण तिकडं पाणी वाऱ्यावर होतं. साडेनऊ ते साडेदहा या तासात तीन पाळ्या फिरायच्या असत. त्या आता फिरत नव्हत्या. एका मोहल्ल्यात पाणी गटारीत वाहून जाई आणि दुसऱ्यात घागरी कोरड्या. बाया कचेरीत येऊन भांडू लागल्या. एकीनं मामाला सही करतानाच गाठलं.

"काय वो मामा, पानी सोडून इथं चित्रं काढायलाव व्हय? सून बाळंतीन हाय घरात!"

मामानं सही पुरी केली. मग म्हणाला, "धा रोज कळ काढ, माय. मंग मी पक्का."

"आन्‌ आमी?"

मामा तोवर पळत सुटला होता.

आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती मी पाहत होतो. दहा वाजता मुन्शीजी सवयीनं हौदापाशी जात, तोटी उघडत. पाणी येत नसे. ते क्षणभर थांबत, तोटी बंद करत आणि कोरड्या तोंडानं आत येऊन बसत. आरोळी बंद झाली होती. आमच्या बाजूची पाळी फिरवणारा माणूस त्या वेळी माझ्यासमोर बसून जोडाक्षर काढत होता. मुन्शीजी माझ्याकडे एकदा बघत. मी बुकात बघे.

महिना भरायला दोन दिवस उरले आणि कारंजं आलं.

खरं तर ते सहा महिने येतच होतं. सरकारी बागेत साहेबांनी कारंजं बांधलं होतं आणि त्याच्या उद्घाटनाला मंत्री यायचे होते. बागेतल्या झाडांना कमरेपर्यंत चुना फासला, जसं काही झाडंही शपथविधीला चालली होती. तीन कमानी उभारल्या. खुर्च्यांच्याही जाती पाडल्या: पुढं गादीच्या, मागं वेताच्या, त्यामागं लोखंडी; आणि आमच्यासारख्यांना, ज्यांची ती कचेरी होती, उभं राहण्याची मुभा. एक पितळी बटणही बसवलं होतं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. पाणी नहरीचंच होतं. बागेशेजारी जुना उंच दगडी बंबा होता, म्हणजे पाणी चढायचा पोकळ मनोरा. दोन फाटे बंद केले की नहरीचं पाणी आपल्या जोरानं त्या बंब्यात चढे आणि तिथून कारंज्यात उसळे. पण फाटे फार आधी बंद केले तर खालचे मातीचे जुने नळ फुटत. ते अगदी वेळेवर, दगडाला कान लावून, हळूहळू बंद करावे लागत. म्हणजे मामानंच.

कार्यक्रम साडेअकराला ठरला होता. आदल्या दुपारी निरोप आला की मंत्र्यांना पुढं दौलताबादला किल्ला बघायचा आहे, तेव्हा साडेदहा.

संध्याकाळी मामा आला. आता तो फरशीवर चिखल पाडत नसे.

"भाऊसाहेब, उद्या साडेनवाला मला फाट्यात उतराया पायजे. तासभर लागतोय. सही सकाळी घेता का? नायतर संध्याकाळी?"

बुक माझ्याजवळ होतं. लेखणी माझ्याजवळ होती. सकाळी सातला मी बुक घेऊन नहरीवर गेलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. पण पहिल्या पानावर साहेबांचा कागद होता आणि त्यावर दहा लिहिलं होतं. मी म्हणालो, "साहेबांना विचारतो."

साहेब बागेत होते. गालिचा आखूड पडत होता आणि ते स्वतः दोरीनं मोजत होते. मी दोनदा जवळ गेलो. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "आत्ता नाही हो!" मी परत आलो. मामा पायरीवर बसून होता.

"काय म्हनले?"

मी म्हणालो, "हुकूम दहाचा आहे, मामा. उद्या एक खाडा झाला तर महिनाभराचं सगळं गेलं. तुम्ही दहालाच या."

"आन्‌ पानी?"

"तुमचं नाव महत्त्वाचं की कारंजं?"

हे वाक्य मी धीर देण्याच्या सुरात बोललो. आजही आठवलं की कानशिलं तापतात. त्यानं डोईचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. मग उठला, "बरं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगळी कचेरी बागेत गेली. मागं बुक सांभाळायला मी, आणि मुन्शीजी. त्यांना निमंत्रण होतं, पण ते म्हणाले, जुनी अचकन नव्या फोटोत बरी दिसत नाही. दहाला पाच कमी असताना मामा आला. नवं धोतर नेसून आला होता. तो बसला, लेखणी धरली. लांबून बँडचा आवाज येत होता. त्याचा कान तिकडंच होता; पहिलं अक्षर दोनदा गिरवावं लागलं. मी घड्याळाकडे बघत होतो. मुन्शीजी अंगणात गेले, तोटी उघडली, बंद केली. जोडाक्षर झालं. शेवटची रेघ झाली. त्यानं मान तिरपी करून सहीकडे बघितलं नाही. उठला आणि पळाला.

मंत्री वेळेवर आले. मंत्री वेळेवर आल्याचं माझ्या आयुष्यातलं हे एकमेव उदाहरण. पुढचं मला बागेतून परतलेल्यांनी सांगितलं. बटण दाबलं. बँड वाजला. कारंज्याच्या तोंडातून थोडी हवा आली आणि एक पाल बाहेर पडून गालिच्यावरून गेली. मंत्र्यांनी पुन्हा बटण दाबलं. मग ते म्हणाले की, स्वातंत्र्याचं पाणी इथंही थोडं उशिरानंच पोचलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि गाड्या दौलताबादकडे निघून गेल्या.

साडेअकराला साहेब कचेरीत आले. गळ्यात अजून हार होता, तो काढायचं भान नव्हतं. त्यांनी दार लोटून घेतलं. आत मी आणि मुन्शीजी.

"लिहा," ते मला म्हणाले. "पोलीस ठाण्याला. सदर इसमाने यादीत नाव नसल्याचा राग मनात धरून, जाणूनबुजून, सरकारी समारंभाच्या वेळी पाणी बंद ठेवले. घातपाताचा उद्देश असावा." ते थांबले. "तो शब्द घालाच. घातपात."

त्या वर्षांत आमच्या भागात तो शब्द कुणाच्या नावापुढं लागला की माणूस चौकशीला जाई आणि शेजारी आपलं दार लावून घेत. हे साहेबांना माहीत नसेल; ते पुण्याचे. मला माहीत होतं. मुन्शीजींना माझ्याहून जास्त.

मी लिहीत होतो. माझं अक्षर नेहमीसारखंच सुबक येत होतं. 'सदर इसम नामे' इथवर आलो आणि लेखणी थांबली. चार अक्षरं, एक जोडाक्षर. सरकारी कागदावर त्याचं नाव पहिल्यांदा उतरणार होतं, ते इथं.

"काय झालं?"

"साहेब, तो दहा वाजता इथं होता. सही करत होता."

"म्हणूनच! मुद्दाम पाणी सोडून आला."

"मी बोलावलं होतं."

साहेबांनी मान वर केली. मुन्शीजींनी हातातली पाटी खाली ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. एवढ्या शांततेत मी कधी बोललो नव्हतो. काल त्यानं काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, ते मी सांगितलं. आणि एकदा बांध फुटल्यावर राहिलेलंही गेलं: "यादीत त्याचं नाव नव्हतं ते त्यानं सही केली नव्हती म्हणून नव्हे. मी त्याला विसरलो म्हणून. त्याची हजेरी रोज लागत होती. मी ऐकत होतो."

"कुठं लागत होती?"

मी मुन्शीजींकडे पाहिलं. ते उठले. अचकनचं वरचं बटण चाचपलं. साहेबांना त्यांनी अंगणात चला म्हणून हात केला, आणि साहेब, हार घातलेले, त्यांच्या मागोमाग गेले. मुन्शीजींनी हौदाची तोटी उघडली. ती कोरडी होती.

"सरकार, बावीस साल ये तोटी दस बजे चली. एक दिन का नागा नै. जब से वो किताब में हाजिर हुआ, इसमें गैरहाजिर है." त्यांनी तोटी बंद केली. "आप कौनसी हाजरी मानते, वो लिख दो. मैं दस्तखत करता. मराठी में करता."

साहेब आत आले. हजेरीबुक उघडलं. पहिल्याच पानावर त्यांचा कागद होता, खाली त्यांची आद्याक्षरं: ठीक दहा वाजता. त्यांनी तो वाचला. मग पुढची पानं उलटत गेले. पहिल्या सह्या वेड्यावाकड्या, ओळ सोडून चढलेल्या, नंतरच्या सावरलेल्या, आणि आजची, जिच्यातलं पहिलं अक्षर दोनदा गिरवलेलं. तक्रार ठाण्यात गेली तर हे बुकही पुरावा म्हणून जाणार, एवढं त्यांना कळायला वेळ लागला नाही. पण एवढंच कळलं असेल, असं मी म्हणणार नाही. आजच्या सहीवर त्यांचं बोट बराच वेळ होतं.

त्यांनी माझ्या हातून अर्धी तक्रार घेतली. फाडली नाही. घडी करून खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. "तुम्ही जा," म्हणाले. मी दारापर्यंत गेल्यावर, "तुमच्या कायम होण्याचं आता पुढच्या वर्षी बघू."

दुपारी मी बागेवरून गेलो. मंडपवाले गालिचा गुंडाळत होते आणि कारंजं दोन पुरुष उंच उडत होतं. मामानं गेल्या गेल्या फाटे बंद करायला घेतले होते, आणि तासाभरानं पाणी चढलं होतं. काम सांगितलं होतं, ते त्यानं केलं होतं. त्यांच्यातले दोघं खाली उभे राहून अंघोळी करत होते. गादीच्या खुर्च्या भिजत होत्या.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. खणातला कागद आत होता आणि मामा रोज दहाला सही करून मला विचारी, "काय म्हनतो कागुद?" त्याला मी दोन्ही कागदांचं सांगितलं होतं. ठाण्याचा की यादीचा, हे तो विचारत नसे. मग एका सकाळी पुरवणी यादी आली. तिच्यात एकच नाव होतं. सोबत साहेबांचा हुकूम: नहरवाल्याने कचेरीत येण्याचे कारण नाही. हंगामी कारकुनाने रोज सकाळी हजेरीबुक नहरीवर न्यावे व सही घेऊन दहाच्या आत परत आणावे.

मामानं यादी हातात घेतली. वाचता येत होतं ते एकच नाव त्यानं वाचलं, बोट ठेवून. "कितवा म्या?"

"अठ्ठाविसावा."

"शेवटचा?"

"शेवटचा."

त्यानं कागद घडी करून रुमालात खोचला. तो म्हणाला, "उशीर झाला, पाळी फिरवायची हाय."

दुसऱ्या दिवशी दहाला मुन्शीजींनी तोटी उघडली. आधी लाल पाणी आलं, मग स्वच्छ. त्यांनी चूळ भरली. आरोळी दिली नाही. आत आले, माझ्यापुढं पाटी ठेवली आणि म्हणाले, "हाजिर कैसा लिखते, बताओ."

नंतर वर्षभर मी उस्मानपुऱ्यातल्या माझ्या खोलीतून उजाडायच्या आत निघे, बुक काखेत घेऊन. मामा दगडावर पालथा पडलेला असे. मी आलो तरी उठत नसे. एक हात वर करून 'थांबा' म्हणे. सरकारी बुक आणि सरकारी माणूस असे दोघंही उभे राहत. त्याचं ऐकून झालं की तो हात पुसे आणि सही करी. सही आता झटक्यात येई, शेवटच्या रेघेला एक फाटाही त्यानं काढला होता, जो मी शिकवला नव्हता.

एकदा तो म्हणाला, "भाऊसाहेब, रोज येताव. एकदा ऐका तरी."

मी बुक बाजूला ठेवलं आणि दगडावर पालथा पडलो. दगड गार होता. मी डोळे मिटले, श्वास रोखला. माझंच रक्त कानात वाजत होतं.

"आलं का ऐकू?"

दोन वर्षांपूर्वी मी हो म्हणालो असतो. "नाही," म्हणालो.

मामा हसला. बुक उचलून त्यानं माझ्या हातात दिलं.

"यील. हंगामी हाय तुमचा कान अजून."